इंग्रजी शब्द वाचताना कळतात, लिहिताना सुचत नाहीत: आता पुढे काय करायचं?

निळीशाई

इंग्रजी अग्रलेख, लांबलचक लेख न अडखळता वाचून होतात. अनोळखी शब्द आला तरी मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थ लागतो. पण स्वतः लिहायला बसलं की तेच ते दोन-तीनशे शब्द. प्रत्येक चांगली गोष्ट 'गुड', प्रत्येक अडचण 'बिग प्रॉब्लेम'.

सहा महिन्यांनी जीआरई (परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) आहे आणि पाठोपाठ परदेशी विद्यापीठांच्या अर्जासोबतचा निबंध. सध्याची पद्धत अशी: साडेतीन हजार शब्दांची एक अकारविल्हे यादी, रोज ४० शब्द, शब्दासमोर मराठी अर्थ. तीन आठवडे झाले आणि पहिल्या आठवड्यातले निम्मे शब्द पुसले गेलेत. रोज किती शब्द घ्यावेत, अर्थ मराठीत लिहावा की इंग्रजीत, आणि लॅटिन-ग्रीक मुळं पाठ करण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं. 'भरपूर वाचा' हे ऐकून झालंय.

पाटीपेन्सिल

आधी हिशेब करू. अँकीसारख्या, शब्दांची कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा विचारणाऱ्या ॲपमध्ये रोजची उजळणी ढोबळमानाने नव्या कार्डांच्या सात-आठ पटीवर जाऊन स्थिरावते. रोज ४० नवी कार्डं घेतली तर महिनाभरात रोजची ३०० कार्डं अंगावर येतात. एका कार्डाला नऊ सेकंद धरले तरी पाऊण तास नुसत्या उजळणीत जातो. म्हणून चौथ्या आठवड्यात लोक ॲपच काढून टाकतात. दहा घ्या. मग ८० कार्डं, १२ मिनिटं. शेवटचा महिना नवं काही घ्यायचं नाही असं ठरवलं तरी उरलेल्या १५० दिवसांत १,५०० शब्द होतात, आणि हे १,५०० खरोखर तुमचे असतात.

दुसरी चूक यादीच्या क्रमात आहे. अकारविल्हे यादीत दिसायला सारखे शब्द एकाच दिवशी शेजारी बसतात आणि एकमेकांवर सांडतात. तुमच्या यादीच्या पहिल्याच पानावर ओसरणे या अर्थाचा आणि गुन्ह्याला साथ देणे या अर्थाचा असे दोन शब्द असतील. देवनागरीत लिहिले तर दोन्ही 'अबेट'! एक आज शिका, तो पक्का बसला की दुसरा तीन आठवड्यांनी. समानार्थी शब्दांचे झुबके एकदम पाठ करण्यातही हाच धोका आहे. शिकताना शब्द लांब ठेवायचे, उजळणीत जवळ आणायचे.

आता मुख्य दुखणं. 'शब्द दिसला की अर्थ आठवा' असं कार्ड केलं की मेंदू ओळखायलाच शिकतो, आणि ओळखता तर तुम्हाला आधीच येतं. लिहिताना उलटा प्रवास हवा: मनात अर्थ आहे, शब्द शोधायचाय. म्हणून कार्ड उलटं करा. पुढच्या बाजूला एक पूर्ण इंग्रजी वाक्य, त्यात शब्दाच्या जागी रिकामी जागा, हवं तर पहिलं अक्षर आणि छोटासा मराठी इशारा. मागच्या बाजूला शब्द, तो नाम की क्रियापद, आघात (उच्चारातला जोर) कुठे, आणि त्याच्यासोबत नेहमी येणारे दोन शब्द. एवढंच. एका कार्डावर चार अर्थ कोंबले की कार्ड चुकलं म्हणजे नेमकं काय चुकलं तेच कळत नाही.

वाक्य स्वतः रचू नका, निदान सुरुवातीला तरी. शब्द जिथे भेटला तिथलंच उचला, नाहीतर ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनच्या लर्नर्स डिक्शनरीतलं घ्या. या तिन्ही मोफत ऑनलाइन आहेत आणि परभाषकांसाठीच लिहिलेल्या आहेत. लाँगमनच्या व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच बसवलेल्या असतात, त्यामुळे एक अवघड शब्द पाहायला गेलो आणि आणखी तीन मिळाले असं होत नाही.

एकच कार्ड आठ वेळा विसरलात की अँकी त्याला 'लीच' ठरवून बाजूला काढतं. लीच म्हणजे जळूच. ती जळू परत अंगाला लावून घेऊ नका. वाक्य बदला, इशारा बदला, नाहीतर शब्द सोडून द्या. संगणकावर आणि अँड्रॉइडवर अँकी फुकट आहे, आयफोनवरचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं.

आणि 'भरपूर वाचा' हा सल्ला ऐकून झालाय म्हणता, त्यात आकडा घालून पाहा. पॉल नेशन या भाषातज्ज्ञांच्या २००६ सालच्या हिशेबानुसार सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात. (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ.) ९८ टक्के म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर सहा अनोळखी. एवढ्या पानातून शब्द आपोआप लागतात. पंधरा-वीस अनोळखी निघाले तर ते वाचन नव्हे, खोदकाम आहे. नवं पुस्तक किंवा मासिक हातात घेतलंत की मधलं कुठलंही पान उघडून मोजा.

व्युत्पत्तीवेडा

मुळांबद्दल माझं मत: मराठी माणसाने ती शिकलीच पाहिजेत, कारण संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक एकाच भाषाकुळातल्या, म्हणून अर्धी मुळं त्याच्या घरातच आहेत.

गंमत अशी की अवघड इंग्रजी शब्द आपल्याला सोप्या शब्दांपेक्षा जवळचे असतात. इंग्रजी ज्यांत मोडते त्या जर्मेनिक भाषांत 'प'चा 'फ' झाला, म्हणून 'पद' आणि 'फुट' यांचं नातं चटकन दिसत नाही. लॅटिनने 'प' तसाच ठेवला, म्हणून 'पेडेस्ट्रियन'मध्ये आपलं पद स्पष्ट दिसतं. आणि वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधूनच आलेत.

'क्रेडुलस' म्हणजे कशावरही भाबडेपणाने विश्वास ठेवणारा. त्यातलं 'क्रेड' आणि आपलं 'श्रद्धा' एकाच मुळातले. तेवढं लक्षात राहिलं की 'क्रीडन्स', 'इन्क्रेड्युलस', 'क्रेडो' रांगेत उभे राहतात. 'सेडेंटरी'मध्ये बसण्याचा 'सद्' आहे, संसद आणि सभासद यांमधला. 'डेक्स्टेरिटी'मध्ये दक्षिण, म्हणजे उजवा हात. 'मोरिबंड' म्हणजे मरणपंथाला लागलेला, तिथे मृत्यूमधला 'मृ'. 'कॉन्जुगल'मध्ये 'युज्', जोडणे. 'मॅग्नॅनिमस'चे दोन तुकडे करा: पहिल्यात आपला 'महा', दुसऱ्यात 'प्राण' या शब्दातला श्वास घेण्याचा 'अन्' धातू. आणि माझा लाडका, 'पेक्युनिअरी', पैशासंबंधीचा. तिथे चक्क 'पशु' आहे, कारण गुरंढोरं हेच धन होतं. 'गोधन' म्हणणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये.

पाठ करायची पद्धत: महिन्याला २० मुळं, प्रत्येकाचे चार-पाचच शब्द, आणि त्यातला एक तरी तुम्हाला आधीपासून येणारा. नवं मूळ ओळखीच्या खुंटीला टांगायचं.

तिरपीटीप

व्युत्पत्तीवेड्यांचा प्रतिसाद वाचायला झकास, पण परीक्षेच्या टेबलावर थोडा घातक आहे. मुळं ही आठवण ठेवायला खुंटी म्हणून उत्तम, अर्थ ओळखायला किल्ली म्हणून बेभरवशाची.

'पेडेस्ट्रियन'मधला 'पेड' पायाचा, पण 'पेडॅगॉजी'मधला 'पेड' ग्रीक, मुलाचा. 'डीइटी' आणि 'देव' सख्खे नातलग, पण 'थिऑलॉजी'मधल्या 'थिऑस'चा देवाशी काडीचा संबंध नाही. 'सिम्पथी'तला 'पथ' म्हणजे रस्ता नव्हे, वेदना. आणि जीआरईला नेमके असेच फसवे शब्द आवडतात. 'एनर्व्हेट' ऐकून ताकद देणे वाटतं, अर्थ आहे गळून जायला लावणे. 'रेस्टिव्ह'मध्ये विश्रांती नाही, चुळबुळ आहे. 'नॉइसम'मध्ये आवाज नाही, घाण वास आहे. असे शब्द वेगळ्या खुणेने ठेवा.

आता परीक्षेबद्दल. तुमच्या यादीचं वय तपासा. सुटे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या विचारणारे प्रश्न ऑगस्ट २०११ पासून बंद झालेत, तरी त्या जमान्यातल्या याद्या अजून फिरतात. सप्टेंबर २०२३ पासूनच्या लहान परीक्षेत व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या विभागाचे, २७ प्रश्न आहेत, १२ आणि १५ असे दोन भाग, एकूण ४१ मिनिटं. शब्द आता वाक्यातूनच येतात. 'सेंटेन्स इक्विव्हॅलन्स'मध्ये सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की दोन्ही घातल्यावर वाक्याचा अर्थ सारखाच राहील. एक बरोबर, एक चूक म्हणजे शून्य. 'टेक्स्ट कम्प्लीशन'ला तीन रिकाम्या जागा असतील तर तिन्ही बरोबर हव्यात. थोडक्यात, 'अंदाजे असा काहीतरी अर्थ' हे ज्ञान इथे चालत नाही.

ज्या गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात ती म्हणजे सोप्या शब्दांचा दुसरा अर्थ. 'क्वालिफाय' म्हणजे विधानाला मर्यादा घालणे, 'पण हे फक्त अमुक परिस्थितीत' असं जोडणे. 'अरेस्ट' म्हणजे रोखणे, घसरण रोखणे. 'फ्लॅग' म्हणजे उत्साह मावळणे. 'पेडेस्ट्रियन' विशेषण म्हणून आला की रटाळ, चाकोरीतला. 'हज्बंड' क्रियापद असेल तर साधनसामग्री जपून वापरणे. (नवरे मंडळींनी यातून हवा तो बोध घ्यावा.) 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही, संदर्भ काय सांगतो ते बघायचं. हे शब्द कोणी यादीत घेत नाही, कारण 'ते तर येतात'. अशी ५०-६० कार्डं करा, त्यांचा मोबदला दुर्मीळ शब्दांपेक्षा जास्त मिळतो.

निळीशाई

मनापासून आभार, वाचनखूण साठवली. दोन शंका. मराठी अर्थ लिहायचा की नाही हे अजून सुटलं नाही. बऱ्याच शब्दांपुढे एकच मराठी शब्द येतो. 'शमवणे, कमी करणे' या अर्थाचे माझ्याकडे आत्ताच सहा शब्द झालेत. दुसरी, अर्जाच्या निबंधासाठी वेगळे शब्द लागतात का?

आडरान

मराठी अर्थ जरूर लिहा, फक्त शब्दकोशातला पहिला शब्द उतरवू नका. मराठीत छटा कमी आहेत म्हणून गोंधळ होत नाही. आपण त्या वापरत नाही म्हणून होतो.

'ऑब्स्टिनेट', 'टेनेशस', 'पर्सिस्टंट' या तिन्हींपुढे 'हट्टी' लिहिलं तर कार्ड वाया गेलं. पहिल्यापुढे 'हेकट' लिहा, दुसऱ्यापुढे 'चिवट', तिसऱ्यापुढे 'चिकाटीचा'. कोण शिवी आहे आणि कोण कौतुक, ते लगेच कळतं. (पर्सिस्टंट खोकलाही असतो, तिथे चिकाटी नाही, तो नुसता हटत नाही. म्हणून वाक्य हवंच.) तसंच 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, 'पार्सिमोनियस' म्हणजे चिक्कू. चांगलं की वाईट हे अधिक-उणे चिन्हाने कार्डाच्या कोपऱ्यात लिहा. जीआरईच्या निम्म्या पर्यायांची छाटणी नुसत्या चिन्हावर होते.

तुमच्या सहा शब्दांचं कोडं अर्थाने सुटणार नाही, सोबतीने सुटेल. मराठीत आपण तहान भागवतो, भूक शमवतो, राग शांत करतो, बंड मोडून काढतो. 'तहान मोडून काढली' म्हटलं तर लोक हसतील, व्याकरणात काहीही चूक नसताना. इंग्रजीतही तसंच आहे. 'अले' भीती आणि शंकांसोबत येतो. 'अस्वेज' अपराधी भावनेसोबत, दुःखासोबत, कधी भुकेसोबत. 'अलिव्हिएट' वेदना आणि दारिद्र्य यांच्यासोबत. 'मिटिगेट' धोका किंवा दुष्परिणाम यांच्यासोबत. 'क्वेल' बंड, दंगल, अफवा यांच्यासोबत. 'प्लकेट' आणि 'मॉलिफाय' यांना समोर रागावलेला माणूस लागतो. हे जोडीदार कार्डावर आले की शब्द वेगवेगळ्या खोल्यांत राहायला जातात.

जोडीदार शोधायचे कुठे? 'स्केल' नावाचं मोफत संकेतस्थळ आहे, खातं उघडावं लागत नाही. शब्द टाका आणि 'वर्ड स्केच' दाबा: कर्म कोणतं येतं, विशेषण कोणतं लागतं, याची यादी समोर येते. जास्त खोलात जायचं असेल तर 'कोका' हा अमेरिकन इंग्रजीचा संग्रह आहे, १९९० ते २०१९ या काळातले शंभर कोटींहून अधिक शब्द. नोंदणी मोफत, पण रोजच्या शोधांना मर्यादा आहे. त्यात शब्द बोलण्यात जास्त येतो, बातमीत येतो की शोधनिबंधात, हेही दिसतं. निबंधासाठी शोधनिबंधांचा स्तंभ बघा.

निबंधाचे शब्द जीआरईचे नव्हेत, हे मात्र आधीच ठरवून टाका. 'परस्पिकेशस' लिहून प्राध्यापक खूश होत नाहीत. तिथे लागते 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट'. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी न्यूझीलंडमध्ये तयार केलेली, २००० साली प्रसिद्ध झालेली, ५७० शब्दकुळं, दहा भागांत वापराच्या क्रमाने लावलेली. विद्यापीठीय मजकुरातले जवळजवळ दहा टक्के शब्द एवढ्यात येतात. पहिले तीन भाग म्हणजे १८० कुळं. त्यातलं प्रत्येक तुम्ही ओळखाल. प्रश्न 'डिराइव्ह', 'कन्स्ट्रेन', 'कॉन्ट्रिब्यूट' यांच्यापुढे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं हा आहे, आणि घोडं तिथेच अडतं.

जाता जाता: मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. मराठी शब्द टाकून इंग्रजी छटा चाळायला फार मजा येते. मात्र दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, तिथला इंग्रजी शब्द आजच्या कोशात तपासल्याशिवाय निबंधात घालू नका.

तिरपीटीप

निबंधाबद्दल एक भर. आपल्याकडचं इंग्रजी आधी गाळून घ्या. 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' वाचून तिकडच्या माणसाला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं, 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको, 'कोप' आणि 'विथ'च्या मध्ये 'अप' नको, 'कॉम्प्राइज'नंतर 'ऑफ' नको, 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणे नव्हे. 'प्रीपोन' मात्र फार सोयीचा शब्द आहे आणि इंग्रजी कोशांनीही भारतीय शब्द म्हणून त्याला घेतलंय, पण परदेशी वाचकासाठी टाळलेला बरा.

पाटीपेन्सिल

उच्चाराचं कोणी बोललं नाही. इथे आपण सगळे देवनागरीत लिहितोय ते ठीक, कार्डावर मात्र उच्चार देवनागरीत उतरवून थांबू नका. मराठीत सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या जोराने म्हटली जातात, इंग्रजीत एकावर घाव बसतो आणि बाकीची पुसट होतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर गेला की पहिला 'ओ'च गायब. कोशातला आवाज ऐका आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. स्पेलिंगवरून वाचल्यामुळे हमखास चुकणारे काही: 'हायपर्बली' (हायपरबोल नव्हे), 'इपिटमी' (एपिटोम नव्हे), 'अराय' (ऑरी नव्हे), 'इन्डाइट' (यात 'क' उच्चारत नाहीत). उच्चार चुकीचा बसला की शब्द कानावर पडूनही ओळखू येत नाही, म्हणजे फुकटची उजळणी गेली.

निळीशाई

आज सांगितल्याप्रमाणे पहिली दहा कार्डं केली. एक नमुना तपासाल का?

पुढची बाजू: 'न्यू रूल्स विल म... अगेन्स्ट द रिस्क ऑफ फ्लड्स.' इशारा: तीव्रता कमी करणे, अधिक चिन्ह.
मागची बाजू: मिटिगेट, क्रियापद, आघात पहिल्यावर. सोबती: रिस्क, इफेक्ट्स.

पाटीपेन्सिल

साचा बरोबर, सोबती बरोबर, आघातही. वाक्य मात्र तुम्ही स्वतः रचलेलं दिसतंय, कारण 'मिटिगेट'नंतर 'अगेन्स्ट' येत नाही, थेट कर्म येतं: 'मिटिगेट द रिस्क'. 'अगेन्स्ट' येतो तो 'मिलिटेट'नंतर, आणि त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीच्या आड येणे, ती होऊ न देण्याकडे झुकणे. ही गल्लत इंग्रजांच्याही हातून इतकी होते की बरेच कोश तिच्यासाठी वेगळी सूचना छापतात. 'अगेन्स्ट' काढा आणि कोशातलं वाक्य घाला. 'मिलिटेट'चं कार्ड आज करू नका, तीन आठवड्यांनी.